तपासणीच्या दिवशीची सहल

आमच्या शाळेतल्या सर्वांत कच्च्या मुलांनी जबलपूर जितकं पाहिलंय, तितकं पहिल्या बाकावरच्या हुशार मुलांनी पाहिलेलं नाही. कच्ची मुलं भेडाघाटचा धबधबा पाहून आली आहेत, मदनमहालच्या टेकडीवरचा तोललेला दगड पाहून आली आहेत, ग्वारीघाटला नावेत बसून आली आहेत. हुशार मुलं त्या त्या दिवशी इस्त्रीच्या कपड्यांत ताठ बसून साहेबांना राज्यांच्या राजधान्या सांगत होती.

याचं कारण साधं आहे. आमच्याकडे तपासणीच्या दिवशी सहल निघते.

शाळा जबलपूरच्या रांझी भागातली, खाजगी, हिंदी माध्यमाची. मुलं बहुतेक तिथल्या संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांची. मी तिथे हिंदी शिकवते. मराठी बाईनं हिंदी शिकवावी याचं जबलपुरात कोणाला काही वाटत नाही. वाटलंच तर नागपूरच्या नातेवाइकांना वाटतं. आमचे मुख्याध्यापकही मराठीच. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत इकडे आले, हे त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला पहिल्या चहाआधी कळतं. सभेत ते हिंदी बोलतात, माझ्याशी खोलीत मराठी, आणि रागावले की दोन्ही.

सहलीची पद्धत त्यांच्याही आधीची. तपासणीची कुणकुण लागली की प्रत्येक वर्गशिक्षकानं आपली ‘अडचणीची’ मुलं सांगायची. सकाळी हजेरी झाली की खेळाचे सर शिट्टी गळ्यात घालून त्यांना बसमध्ये चढवायचे, पुऱ्या-भाजीची पाकिटं ठेवायचे आणि संध्याकाळी साहेब गेल्यावर परत आणायचे. मुलं खूश, पालक खूश, साहेब खूश. मी याबद्दल काही बोलले की मुख्याध्यापक माझ्यासाठी चहा मागवत आणि म्हणत, “बाई, तुम्ही काहून मनाला लावून घेऊन राहिल्या? सहल वाईट असते का?”

सहल वाईट नसते. म्हणून तर या व्यवस्थेला कोणी हात लावत नव्हतं.

मग सहावीत एक मुलगी आली. जबलपूरजवळच्याच पाटणकडच्या खेड्यातून. वडिलांना इकडे काम मिळालं म्हणून. गावच्या शाळेत ती बहुधा नावापुरतीच जात असावी, कारण सहावीत येऊन तिला जोडाक्षर आलं की रस्त्यात दगड आल्यासारखी ती थांबायची. पण थांबून उलटी फिरायची नाही. ओळीवर बोट ठेवून, दगडाच्या डावीकडून, उजवीकडून बघत, शेवटी पलीकडे जायचीच. वर्गातली बाकीची मुलं वाक्य संपवून खिडकीबाहेर बघत बसायची तेव्हा ही अजून क्रियापदाकडे निघालेली असायची. मधल्या सुट्टीत ती माझ्याजवळ बसून वाचायची. मी डबा खायची, ती वाचायची, आणि माझा डबा नेहमी आधी संपायचा.

आल्या आल्याच तिला सहलीत घातलं. ती आनंदानं गेली. पुढच्या तपासणीला पुन्हा घातलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं की बसमध्ये चेहरे तेच आहेत. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, “मैडम, घूमने वही लोग जाते हैं जिनको पढ़ना नहीं आता, है न?”

मी म्हटलं, “किसने कहा?”

“किसी ने नहीं। बस में बैठ के समझ आ गया।”

मग तिनंच विचारलं: “जब मैं पूरा पढ़ने लगूँगी तब तो नहीं भेजेंगे न?”

मी म्हटलं, नाही. शाळेतली शिक्षिका नाही म्हणते तेव्हा मुलाला वाटतं शाळाच नाही म्हणाली. मला शाळेच्या वतीनं बोलायचा काही अधिकार नव्हता, पण शब्द तोंडातून गेला होता आणि तिनं तो नीट घडी करून ठेवून दिला होता.

आता तपासणी म्हणजे काय हे थोडं सांगते, कारण ती आता पहिल्यासारखी राहिलेली नाही. मी शाळेत शिकत होते तेव्हा साहेब जीपनं यायचे. जीपच्या आधी धूळ यायची, धुळीच्या आधी शिपाई धावत यायचा. मैदानावर चुन्याच्या रेघा, फळ्यावर रंगीत खडूचं कमळ, आणि आम्ही आठवडाभर घोकलेली उत्तरं. एकदा एका साहेबानं घोकलेलं काहीच विचारलं नाही. खुर्चीवर आरामात बसून म्हणाला, आज शाळेत येताना काय पाहिलं? येताना काय पाहिलं हे कोणी पाठ करून घेतलं नव्हतं. शेवटी मागून एक मुलगा म्हणाला, “साहब, आपकी जीप देखी। पंचर थी।” साहेब हसला. गुरुजी हसले नाहीत. तो साहेब पुढे भरपूर जेवला, जाताना पेरूची टोपली घेऊन गेला, तेव्हा तो काही संत नव्हता. पण त्यानं पोरांच्या तोंडाकडे पाहिलं होतं.

आता साहेब येण्याआधी आपली तपासणी आपणच करायची असते. अ‍ॅप उघडायचं, आपणच आपल्याला गुण द्यायचे आणि पुरावा म्हणून फोटो चढवायचे. ग्रंथालयाचा फोटो, हात धुण्याच्या नळाचा फोटो, स्वच्छतागृहाचा फोटो. फोटो शाळेच्या आवाराबाहेर काढला तर अ‍ॅपला कळतं. आवाराच्या आत खोटा काढला तर कळत नाही. आमच्या ग्रंथालयाच्या कपाटाला फोटोपुरतं कुलूप काढलं होतं. मग पथक येतं, टॅबलेट घेऊन, आणि फोटो व खरी वस्तू जुळते का ते बघतं. तपासणी अचानक असते. अचानक असल्याची बातमी शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आदल्या दिवशी येते. शेवटी शाळेला तारे मिळतात, हॉटेलला मिळतात तसे, आणि ताऱ्यांवर मान्यतेचं नूतनीकरण. सगळंच वाईट आहे असं मी म्हणणार नाही. मुलींच्या स्वच्छतागृहाला दार त्या फोटोमुळेच लागलं. इतकी वर्षं तोंडी सांगून लागलं नव्हतं.

नव्या पद्धतीत एक गोष्ट मात्र आमच्या सहलीवर उलटली, आणि ती चूक फक्त आमच्याच शाळेला सुचली असती.

त्या मुलीच्या दुसऱ्या सहलीत बस भेडाघाटला गेली होती. धबधब्याच्या कठड्याशी मुलं तुषार अंगावर घेत उभी, आणि बाजूला सरकारी गाडीतून उतरलेले तीन-चार सभ्य गृहस्थ भुट्टे खात उभे. भोपाळहून जबलपुरात कामाला आलेला माणूस आधी धबधबा बघतो आणि मग काम, हे नैसर्गिक आहे. त्यांच्यातल्या एकानं खेळाच्या सरांना विचारलं, कौन सा स्कूल? खेळाच्या सरांना गाडीवरची पाटी दिसली. हेच पथक आज आमच्याकडे येणार हे त्यांच्या ध्यानात आलं. घाबरून त्यांनी शेजारच्या शाळेचं नाव सांगितलं. आमच्या गणवेशाचा रंग आणि त्यांचा रंग एकच.

महिनाभरानं कळलं की शेजारच्या शाळेला शेऱ्यात ‘शैक्षणिक भ्रमण की उत्तम व्यवस्था’ असं लिहून आलं. आमच्याकडे सहलीच्या रकान्यात शून्य.

मुख्याध्यापक दोन दिवस नीट जेवले नाहीत. “म्हणजे पोट्टे आपले, बस आपली, पुऱ्या आपल्या, आणि तारा त्यांचा?” खेळाच्या सरांना त्यांनी हिंदी आणि मराठीत मिळून जे सांगितलं ते इथे लिहीत नाही. मग त्यांनी ठरवलं की आता सहल लपवायची नाही. मिरवायची. गेल्या सगळ्या सहलींचे फोटो त्यांनी स्वतः निवडले आणि अ‍ॅपवर चढवले. खाली लिहिलं, ‘विद्यालय के चयनित विद्यार्थी भ्रमण पर।’ दोन सहलींच्या फोटोंत पुढे ‘शैक्षणिक भ्रमण’ एवढंच लिहिलेला फलक धरून उभी होती तीच मुलगी. हसरी आहे, फोटोत छान येते, म्हणून खेळाच्या सरांनी तिला पुढे उभं केलं होतं.

मी तो मजकूर वाचून म्हटलं, “सर, निवडलेले म्हटल्यावर कोणीतरी विचारेल, कशासाठी निवडले.”

“कोण विचारतं, बाई? फोटो मोजतात ते. पाहत नाहीत.”

पुढची तपासणी हिवाळ्यात आली. आदल्या दिवशी गटावर निरोप, सकाळी बस. मी वर्गावर गेले आणि त्या मुलीला म्हटलं, तू बसून राहा. ती इतक्यात पुष्कळ सुधारली होती. जोडाक्षरं अजून थांबवत, पण आता ती त्यांना ओळखत होती. खेळाचे सर दारात येऊन उभे राहिले.

“मैडम, एक कम है।”

“एक कमच राहील,” मी म्हटलं, आणि मग लक्षात येऊन हिंदीत म्हटलं.

ते मुख्याध्यापकांना घेऊन आले. मुख्याध्यापक मला व्हरांड्यात म्हणाले, “बाई, हट्ट करू नका. पथकानं नेमकं तिलाच उठवलं तर?”

“तर ती वाचेल.”

“संध्याकाळपर्यंत!”

“मग संध्याकाळपर्यंत वाचेल. शाळा आहे ना ही?”

गेटाशी बस हॉर्न देत होती आणि वाद घालायला त्यांना वेळ नव्हता. मुलीला खांबामागच्या बाकावर बसवा, एवढं सांगून ते गेले. मी तिला दुसऱ्या बाकावर बसवलं.

पथकात या वेळी एक तरुण अधिकारी होता. चष्मा, टॅबलेट, आणि सकाळपासून बऱ्याच शाळा केल्याचा थकवा. चहा नको म्हणाला, नाश्ता नको म्हणाला. मुख्याध्यापक त्यानंच अर्धे खचले. नळ पाहिले, दार पाहिलं, ग्रंथालय पाहिलं, आणि सहावीच्या वर्गात येऊन त्यानं वाचनाची चाचणी उघडली. नियम असा की मुलं पथकानं निवडायची. त्यानं सहज टॅबलेटवरचे फोटो मागेपुढे केले आणि म्हणाला, “ये आपके चयनित विद्यार्थी हैं न? इन्हीं से पढ़वा लेते हैं। कौन-कौन है यहाँ?”

मुख्याध्यापकांच्या चेहऱ्यावरचे तेव्हाचे भाव मी आयुष्यभर जपून ठेवणार आहे. निवडलेले सगळे त्या क्षणी ग्वारीघाटला नावेत बसले होते. एक सोडून.

ती आपणहून उभी राहिली. “सर, मैं हूँ। फोटो में बोर्ड वाली।”

त्यानं टॅबलेट तिच्यापुढे धरला. एक उतारा. एक मिनिट. किती शब्द वाचले ते यंत्र मोजणार. उतारा असा की गावात बाजार भरलाय, कुंभार मडकी घेऊन आलाय, त्याचा बोकड सुटून गर्दीत हरवतो. तिनं बोट ठेवलं आणि निघाली. ‘कुम्हार’ पाशी थांबली. मागे कोणीतरी खुसखुसलं. तिनं ‘म्हा’ चाचपून पाहिला, पार केला, पुढे गेली. बोकड सुटतो तिथे टॅबलेट टिंग वाजला. मिनिट संपलं. अधिकाऱ्यानं हात मागे घेतला.

तिनं टॅबलेटची कड सोडली नाही.

“सर, बकरा अभी मिला नहीं है।”

“बेटा, टाइम हो गया।”

“हो गया होगा,” ती म्हणाली. “बकरा तो नहीं मिला।”

वर्ग हसला. मुख्याध्यापकांनी घसा खाकरला. अधिकारी मला म्हणाला, जरा ओशाळून, “मैडम, सच कहूँ तो आगे का मुझे भी नहीं पता। सब यहीं तक पढ़ते हैं।”

“तर मग ऐका,” मी म्हटलं. या वेळी हिंदी करून सांगितलं नाही. त्याला समजलं.

त्यानं टॅबलेट पुन्हा पुढे धरला. तिनं उरलेलं वाचलं. कुंभार मडकी टाकून धावतो, लोक ओरडतात, आणि बोकड तेल्याच्या दुकानामागे पेंड खात सापडतो. शेवटच्या वाक्याला ती इतकी जोरात पोचली की बाजूच्या वर्गातली बाई डोकावून गेली. बसताना ती शेजारणीला म्हणाली, “देखा, पीछे था।”

मी अधिकाऱ्याला म्हटलं, पूर्ण वाचलं असं लिहा. तो म्हणाला, “इसमें ऐसा कॉलम नहीं है, मैडम। मिनट के शब्द ऊपर चले गए, अपने आप।”

“तो बाहर लिख दीजिए।”

“बाहर का लिखा ऊपर नहीं जाता।”

हे तो उद्धटपणे म्हणाला नाही. खरं ते सांगत होता. मी त्याला विचारलं की मग तुम्ही इथवर कशाला आलात, टॅबलेट टपालानं पाठवला असता तरी झालं असतं. मुख्याध्यापकांनी डोळे मिटले. तो दाराशी जाऊन त्या मुलीला म्हणाला, “अच्छा हुआ, मिल गया,” आणि गेला.

आमचा वाचनातला तारा गेला. मान्यता राहिली, पण तारा गेला, आणि तो कुठे गेला हे सगळ्यांना माहीत होतं. व्यवस्थापन समितीनं मला बोलावलं. समितीत एक सराफ्यातले दागिनेवाले आहेत, ते म्हणाले की बाई, माणूस दुकानात पुढे चांगला माल ठेवतो. मी म्हटलं की मुलं माल नाहीत, आणि असलीच तर तुम्ही पुढे ठेवलेला माल मीच घडवलाय आणि मागे लपवलेलाही मीच. माझ्याकडून लेखी खुलासा मागितला. मी एक ओळ लिहिली: विद्यार्थिनीने उतारा शेवटपर्यंत वाचला, बोकड सापडला. तो खुलासा त्यांनी खुलासा म्हणून स्वीकारला नाही.

पुढे काय करायचं ते मुख्याध्यापकांनी ठरवलं. त्यांना वाटलं ते फार चतुर आहे, आणि होतंच. पुढच्या तपासणीला ती मुलगी सहलीत जाईल, आणि तिच्यासोबत मुलांची काळजी घ्यायला मीही. “तुमचंच बरं, बाई. हवापालट होईल.” म्हणजे कच्च्या मुलांबरोबर आता कच्ची शिक्षिका. त्या मुलीला हे मी सांगितलं नाही. तिला खेळाच्या सरांनी सांगितलं. मधल्या सुट्टीत ती माझ्याजवळ आली आणि वाचायला बसली नाही. उभीच राहिली.

“आपने तो कहा था।”

“हाँ, कहा था।”

“मैं तो पूरा पढ़ लेती हूँ अब।”

“मालूम है। मैं भी नहीं जाने वाली,” मी म्हटलं. माझा बेत एवढाच होता की त्या दिवशी बसमध्ये चढायचं नाही, तिचा हात धरून वर्गात जाऊन बसायचं, आणि मग जे होईल ते होईल. नोकरी गेली असती तर घरी काय सांगायचं तेही मी ठरवून ठेवलं होतं. ती काय ठरवत होती ते मला माहीत नव्हतं.

तपासणी पावसाळा संपता संपता आली; ती आता सातवीत होती, आणि सातवीचा वर्ग माझ्याकडेच. हजेरी झाली. बस गेटाशी उभी, इंजिन सुरू, पुऱ्यांचा वास. खेळाच्या सरांनी शिट्टी वाजवली आणि नावं पुकारायला सुरुवात केली. पहिलं नाव आठवीतल्या एका दांडग्या मुलाचं, सहलींचा सर्वांत जुना अनुभवी. तो उठला नाही. दुसरं नाव. उठलं नाही. सर पाचवीच्या वर्गात गेले, सहावीच्या गेले. कोणीच उठेना. मी व्हरांड्यात उभी होते; मुख्याध्यापक घामाघूम होऊन आले आणि समोरच्या आठवीच्या वर्गातल्या त्या दांडग्याला म्हणाले, “चलो बेटा, इस बार बरगी बाँध जा रहे हैं। बड़ी नाव है।”

“नहीं सर।”

“काहून रे?” घाईत मराठी.

त्याला शब्द नाही, पण सूर कळला. त्यानं माझ्या वर्गाच्या दाराकडे पाहिलं, तिथे ती मुलगी उभी होती. तो म्हणाला, “सर, हम लोगों ने इंस्पेक्शन कभी नहीं देखा। इस बार देखेंगे।”

“उसमें देखने का क्या है!”

“इसने बताया। बकरे वाली कहानी आती है। इस बार दूसरी आएगी। पूरी सुनेंगे।”

बोकडाची गोष्ट तिनं बसमधल्या एकेका चेहऱ्याला सांगितली होती. महिनोन्‌महिने, मैदानावर, नळाशी. मी तिला यातलं काही शिकवलेलं नव्हतं. तिनं प्रत्येकाला सांगितलं होतं की साहेब चावत नाही, मिनिट संपलं तरी टॅबलेट सोडायचा नाही, आणि गोष्टीचा शेवट त्याला स्वतःलाच माहीत नसतो.

मुख्याध्यापक माझ्याकडे वळले. “हे तुम्हीच शिकवून राहिल्या त्यांना.”

“नाही सर. मी हिंदी शिकवते.”

गेटाशी गाडीचा हॉर्न वाजला. आमच्या बसनं वाट अडवली होती आणि पथकाची गाडी आत येऊ शकत नव्हती. ड्रायव्हर बस मागे घ्यायला गेला. खिडकीतून डोकं काढून एका अधिकाऱ्यानं विचारलं, “बच्चे कहीं जा रहे हैं क्या?”

मुख्याध्यापक उत्तर जुळवत होते. तोवर दारातून तिनंच ओरडून सांगितलं, “नहीं सर! सब यहीं हैं!”

मग ती आत गेली आणि दुसऱ्या बाकावर, आपल्या जागेवर बसली. तिच्यामागे एरवी सहलीला जाणारी सगळी मुलं आमच्याच वर्गात शिरली आणि जागा मिळेल तिथे बसली, काही खिडकीत. मी फळ्यावर तारीख लिहिली. कमळ काढलं नाही.